बियांवर नाहक ठपका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आतड्यात पिशव्या असतील तर शेंगदाणे, तीळ, बियांची फळे बंद करावीत, असा सल्ला आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला आणि राहवले नाही. गेल्या वर्षी माझ्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘डायव्हर्टिक्युलोसिस’ (म्हणजे याच आतड्यातल्या पिशव्या) हा शब्द आला आणि आमच्या घरी हेच झाले. शेंगदाण्याची चटणी बंद, पेरू बंद, वांगे बंद. संक्रांतीला तिळगूळ नुसता वाटायचा!

या विकारात मोठ्या आतड्याच्या स्नायूतून रक्तवाहिन्या जिथे आरपार जातात, त्या कच्च्या जागी आतले अस्तर पिशवीसारखे बाहेर फुगते. टायर फाटला की ट्यूबचा फुगा डोकावतो तसे. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. एखादी पिशवी सुजली, तर पोट दुखते, ताप येतो. आशियाई लोकांत या पिशव्या उजव्या बाजूलाही बऱ्याच असतात, त्यामुळे त्या सुजल्या की अपेंडिक्सचा संशय येतो.

बी पिशवीत अडकते आणि सूज येते, हा जुना तर्क. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांच्या १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दाणे आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांत धोका वाढलेला नव्हता, उलट कमीच दिसला. हा अभ्यास २००८ सालचा. सूज असताना काही दिवस मऊ, पातळ खावे लागते, ते वेगळे.

खरी उणीव चोथ्याची, म्हणजे फायबरची. नील पेंटर आणि डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकांनी १९७१ मध्येच मैद्यासारख्या चोथा काढलेल्या अन्नाकडे बोट दाखवले होते. आपल्याकडे भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी असताना आपण सकाळी चहाबरोबर खारी खातो. अर्थात चोथा एकदम वाढवला तर पोट गुबारते. हळूहळू वाढवावा आणि पाणीही भरपूर प्यावे. रोज चालणे आणि सिगारेट सोडणे, हेही उपयोगी.

पुरवणीत गुडघेदुखीच्या गोळ्यांचा उल्लेखच नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने, सतत घेतल्या तर या पिशव्यांतून रक्तस्राव होण्याचा, त्या फुटण्याचा धोका वाढतो. आणि शौचातून रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसणारे आमच्या कट्ट्यावरच तिघे आहेत.

कृपया पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी. डॉक्टरांनी सांगूनही सौ. ऐकत नाही, पेपरात आले तरच चटणीचा डबा फडताळातून खाली येईल.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा