आधी सुईचं बूड बघ

व्हँकुव्हर, 6 एप्रिल

चि. सायली,

अनेक आशीर्वाद. आजीला आणि दादा-वहिनींना माझा नमस्कार सांग.

तू पाठवलेल्या फोटोत झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत आलंय, पण त्यावरून नाव सांगता यायचं नाही. उंच, सरळ, निमुळती अशी सूचिपर्णी झाडं डझनभर असतात. ओळख असते सुईच्या बुडाशी. ती फांदीला कशी चिकटली आहे, ते आधी बघायचं. मे महिन्यात तुम्ही मनालीला जाणारच आहात, त्याआधी नागपुरातच हात बसवून घे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पट्टी आणि कागदी पाकिटं एवढं सामान पुरे.

सुरुवात सुरूपासून कर, कारण त्याला पुष्कळ जण पाइन समजतात. त्याची हिरवी ‘सुई’ दोन्ही टोकांना धरून हळूच ओढ; ती सांध्यावर सुटते. सांध्याभोवती भिंगातून सहा-आठ बारीक दात दिसतील. ते दात हीच त्याची पानं, आणि आपण सुई म्हणतो ती बारीक फांदी. सुरूला फुलं येतात, त्यामुळे तो सूचिपर्णी नाही; सूचिपर्णी झाडांना फुलं नसतात, शंकू असतात. त्याचं फळ शंकूसारखं दिसतं एवढंच.

मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी आहे. तिला सुया नसतात, फांदीला चिकटलेले खवले असतात. डहाळ्या उभ्या पंख्यासारख्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच हिरव्या. कोवळा शंकू निळसर, त्याच्या खवल्यांना आकड्यासारखी शिंगं. इथल्या वेस्टर्न रेड सीडरची डहाळी उलटी केली की फुलपाखराच्या आकाराच्या पांढरट खुणांची रांग दिसते. मोरपंखीत ती नाही. नावात सीडर असलं तरी हा खरा सीडर नव्हे. खरा सीडर म्हणजे आपला देवदार.

आता हिमाचल. सुया जुडीने येत असतील आणि जुडीच्या बुडाशी पातळ वेष्टन असेल, तर तो पाइन. जुडीतल्या सुया मोज. एखादी गळलेली असू शकते, म्हणून निदान दहा जुड्या मोजायच्या. तीन सुया, 20 ते 30 सेंटिमीटर लांब, बुडाचं वेष्टन टिकलेलं: हा चीड. तो साधारण 500 ते 2,000 मीटर उंचीवर असतो, म्हणजे मनालीच्या बराच खाली, वाटेतल्या डोंगरउतारांवर दिसेल. पाच सुया, निळसर, खाली झुकलेल्या, वेष्टन लवकर गळून गेलेलं: हा कैल. त्याचा शंकू लांबट, वीतभर, राळेने माखलेला. राळ हाताला लागली तर नुसत्या साबणाने निघत नाही. आधी खोबरेल चोळ, मग साबण लाव.

हिडिंबा मंदिराभोवतीच्या देवदारांत नवखी माणसं हमखास चुकतात. जुन्या फांदीवर आखूड गाठी असतात आणि प्रत्येक गाठीवर वीस-तीस सुयांचा झुबका. पण त्याच झाडाच्या नव्या, लांब वाढलेल्या टोकावर सुया एकेकट्या येतात. नुसतं टोक तोडून आणलंस तर देवदार ओळखू येणार नाही. मागचा जुना भागही हवा.

एकेकट्या सुया असलेल्या दोन झाडांत, म्हणजे राई आणि तोश यांत, खरा गोंधळ होतो. राई हा स्प्रूस, तोश हा फर. लांबीवर जाऊ नकोस, दोघांच्याही सुया चार-पाच सेंटिमीटर भरू शकतात. सुई चिमटीत धरून फिरव. राईची चौकोनी असल्यामुळे सहज फिरते. तोशची चपटी, फिरत नाही, आणि तिच्या खालच्या बाजूला दोन फिकट पट्टे असतात. मग सुया झडलेल्या फांदीवरून बोट फिरव. राईची फांदी किसणीसारखी खरखरीत लागते, कारण प्रत्येक सुई लाकडी खुंटीवर बसलेली असते आणि सुई गेली तरी खुंटी राहते. तोशची फांदी गुळगुळीत, तिच्यावर फक्त गोल वण. या दोन खुणांत मी फांदीवर जास्त भरवसा ठेवते. इथला सिटका स्प्रूस सुईने चकवतो, त्याची सुई चपटी असते. फांदी मात्र खरखरीतच.

शंकूचं म्हणशील तर राईचा खाली लोंबतो आणि अख्खा पडतो. तोश आणि देवदार यांचे शंकू फांदीवर उभे असतात आणि झाडावरच सुटे होऊन खवले झडतात. म्हणून तोशखाली अख्खा, लांब शंकू सापडला तर तो बहुधा शेजारच्या झाडाचा. इथला डग्लस फर असाच शंकूने उघडा पडतो: नावात फर, पण शंकू लोंबता, आणि खवल्यांमधून तीन टोकांची जीभ बाहेर डोकावते. ओला शंकू मिटतो, त्यामुळे पावसात उचललेला शंकू वेगळ्याच झाडाचा वाटतो. तो वाळू दे, खवले उघडले की मग मोजमाप घे.

एक सांभाळायचं. चपट्या सुया आणि त्यांत लाल, मऊ, पेल्यासारखं फळ दिसलं तर तो थुनेर. बी आणि पानं विषारी आहेत. लहानग्याला तोंडात घालू देऊ नकोस.

राईची डहाळी वाळली की सुया सगळ्या गळतात, आणि नागपूरला पोचेपर्यंत पाकिटात नुसती काडी उरते. म्हणून सुईचं बूड, फांदी आणि शंकू यांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून तिथेच काढ. गळलेल्या सुयाही टाकू नकोस, वेगळ्या पुडीत ठेव. पाकिटावर जागा, उंची आणि शंकू झाडावरचा की जमिनीवरचा, हे लिही.

या रविवारी सुरूच्या सांध्याचा आणि मोरपंखीच्या कोवळ्या शंकूचा फोटो पाठव. जवळून काढ, झाड अख्खं नको.

तुझी,
आत्या