अपेंडिक्सची जखम आणि गोळ्यांचा आग्रह

संपादक महोदय,

मी निवृत्त परिचारिका. नोकरीतली बरीच वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत गेली. अपेंडिक्सचा रुग्ण टाके दाखवायला आला की नातेवाइकांचं एक वाक्य ठरलेलं असे, ‘सिस्टर, अँटिबायोटिक आणखी पाच दिवस लिहून द्यायला सांगा ना, पू नको व्हायला.’ गोळ्या वाढवल्या की जखम सांभाळली जाते, हा समज फार पक्का आहे, म्हणून हे पत्र.

जखमेत पू होऊ नये म्हणून द्यायच्या अँटिबायोटिकची वेळ चिरा देण्याआधीची असते. सर्जनची सुरी लागते तेव्हा औषध कातडीखालच्या चरबीपर्यंत पोचलेलं हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टमध्ये ‘गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का?’ असा सरळ प्रश्नच आहे. अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर बहुतेकांना तेवढा डोस पुरतो. नंतरच्या गोळ्यांनी जखमेला काही मिळत नाही. जुलाब लागतात आणि जंतू औषधाला सरावतात. फुटलेल्या अपेंडिक्सची गोष्ट वेगळी. तिथे पोटात पू पसरलेला असतो, ऑपरेशननंतरही साधारण ३ ते ५ दिवस औषध लागतं, आणि तो कोर्स मध्येच सोडायचा नसतो.

पोटावर रेझर फिरवायचा हट्टही सोडायला हवा. रेझरने कातडीवर दिसणार नाहीत असे बारीक ओरखडे उठतात आणि जंतूंना तेवढी वाट पुरते. केस तसेच ठेवले तरी चालतं, अगदीच आड येत असतील तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, कापावेत.

बाकीचं काम ऑपरेशन थिएटरमधलं. दुर्बिणीतून काढलेलं अपेंडिक्स छोट्या पिशवीत घालून बाहेर आणतात, कारण तो सुजलेला तुकडा जखमेच्या कडांना घासता कामा नये. पोट शिवण्याआधी हातमोजे आणि अवजारं बदलणं तर किती साधी गोष्ट! भारतासह सात देशांत पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या १३ हजारांहून जास्त रुग्णांवर याची चाचणी झाली, ती २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. नेहमीच्या पद्धतीत जखमेचा संसर्ग १८.९ टक्के, मोजे-अवजारं बदलली तिथे १६ टक्के. आम्हा थिएटरवाल्यांना हे आधीच सुचायला हवं होतं.

आता माझी तक्रार. अपेंडिक्सचा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो आणि पू दिसायला लागतो तो बहुधा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर. म्हणजे जखम बिघडते तेव्हा तिच्याकडे बघायला घरचीच माणसं असतात, आणि काय बघायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं असतात, टाके काढायची तारीख असते. लाली पसरत चालली, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, पू किंवा वास आला, ताप चढला तर त्याच दिवशी या, एवढं वाचता येईल अशा अक्षरात का लिहिलेलं नसतं? पट्टी ओली झाली तर बदलायची, त्याआधी हात साबणाने धुवायचे, जखमेवर पावडर किंवा लेप लावायचा नाही, हेही त्यातच बसेल.

एक आई मुलाला सातव्या दिवशी घेऊन आली होती. पट्टीवर नाण्याएवढा पिवळट डाग. पट्टी सोडवली तर खालच्या टाक्याभोवती कातडी लाल, तापलेली, चकाकणारी. बोट टेकलं मात्र, मुलाने पाय पोटाशी घेतले. डॉक्टरांनी टाका मोकळा केला, पू वाहून गेला तसा पोरगा शांत पडला. घरी तीन दिवस जखमेवर पावडर टाकणं चालू होतं. आधी का नाही आणलंत, असं विचारलं, तर तिने पिशवीतून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. ‘आठव्या दिवशी या असं लिहिलंय, सिस्टर. एक दिवस आधी आले, चालेल ना?’

– एक निवृत्त परिचारिका