ट्रिजसाहेब, तुमच्यामुळे आमच्या घरात कुणालाच कॉम्प्युटर बदलावा लागला नाही

श्री. अँड्र्यू ट्रिजेल यांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे हे पत्र तुम्ही वाचाल अशी आशा नाही. पण ज्यांच्या घरात ‘सांबा’, म्हणजे विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या मशीनांना एकमेकांच्या फाइली दाखवणारा तुमचा मोफत प्रोग्रॅम, चालतो आणि त्यांना ते माहीतही नसतं, त्यांनी तरी ते वाचावं. कोपऱ्यात नॅसचा (घरभर वाटून घ्यायच्या डिस्कचा) डबा ठेवला आणि त्यातले फोटो सगळ्यांना दिसायला लागले, की आत बहुतेक वेळा तुम्ही सुरू केलेलंच काम चालू असतं.

आमच्याकडे बाबांचा लॅपटॉप विंडोजचा, बायकोचं मॅकबुक आणि माझा जुना डेस्कटॉप उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर. मोठी डिस्क डेस्कटॉपमध्ये, ती सांबामुळे सगळ्यांना उघडते. बाबांचा हात विंडोजच्या मराठी कीबोर्डवर बसलाय, बायकोचं फोटोंचं सगळं काम मॅकवर, आणि मला उबुंटू सोडायचं नाही. “सगळ्यांनी एकच काय ते घ्या ना, कटकट मिटेल,” हा सल्ला नातेवाइकांपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांनी देऊन झाला. दुकानदाराचं मी समजू शकतो.

तुमच्या कामालाही खरा वेग घरातूनच मिळाला हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. १९९१ च्या अखेरीस कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करताना तुम्ही पहिला सर्व्हर लिहिलात, तो डेक कंपनीच्या पाथवर्क्स या नेटवर्क सॉफ्टवेअरसाठी. मग जवळजवळ दोन वर्षं त्याकडे पाहिलंही नाहीत. पुढे घरी बायकोचा विंडोजवाला पीसी तुमच्या लिनक्सला जोडायचा होता, दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून तोच जुना कोड लावून पाहिलात, आणि तो चालला! जगभरच्या कचेऱ्यांतले कितीतरी सर्व्हर ज्यावर उभे आहेत, त्याला दुसरा जन्म मिळाला तो नवराबायकोच्या दोन मशीनांमुळे.

ते कसं केलंत, याचं मला अजून नवल वाटतं. विंडोजच्या बाजूने कुणी काही सांगत नव्हतं. तुम्ही तारेवरून जाणारी माहितीची पाकिटं पकडून वाचत बसलात: या मशीनने हे विचारलं, त्या मशीनने हे उत्तर दिलं, आता प्रश्नातला एक बाइट बदलू आणि काय होतं ते पाहू. फ्रेंच न येणारा माणूस फ्रेंच कॅफेत बसून शेजारच्या टेबलावरचं ऐकत ऐकत जेवण मागवायला शिकतो, तसं हे काम, असं तुम्हीच कुठेतरी समजावलंय. आणि शिकलेलं सगळं जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोकळं करून टाकलंत. मोबदला म्हणून सांबाच्या जुन्या माहितीपत्रकात काय मागितलं होतंत, तर पिझ्झा!

उबुंटूवर माझा एक पासवर्ड असताना सांबासाठी वेगळा कशाला, असं प्रत्येक नवशिक्या विचारतो. कारण विंडोज मूळ पासवर्ड सहसा पाठवतच नाही. सर्व्हर एक आकडा फेकतो आणि विंडोज पासवर्डच्या हॅशवरून (पासवर्डपासून बनवलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या ठशावरून) त्याचं उत्तर बनवून देतं. ते उत्तर तपासायला सर्व्हरकडे त्याच जातीचा हॅश लागतो. लिनक्सने ठेवलेला हॅश वेगळ्या जातीचा, आणि एकावरून दुसरा काढता येत नाही. म्हणून सांबाची ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ ही आज्ञा चालवून बाबांचा पासवर्ड पुन्हा एकदा द्यायचा. एवढं कळलं की चिडचिड थांबते.

खरे आभार मानायचेत ते मात्र एका कोलनसाठी. बाबांचे जुने लेख स्कॅन करताना भाच्याने उबुंटूवर बसून एका फाइलला नाव दिलं, ‘स्वत:च्या शोधात’. विसर्गाच्या जागी कोलन, जो अर्धा महाराष्ट्र टाइप करतो. लिनक्सला कोलन चालतो, विंडोजला फाइलच्या नावात तो वर्ज्य. बाबांच्या लॅपटॉपवर त्या जागी दिसलं काय, तर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मध्ये एक नागमोडी रेघ. बाबा म्हणाले, “फाइल बिघडली.” बिघडली नव्हती. सांबाने ती लपवली नाही की नाकारलीही नाही, विंडोजला पचेल असं पर्यायी नाव देऊन पुढे केली, आणि दोनदा क्लिक केल्यावर लेख उघडला. नंतर खरा विसर्ग घातला आणि नाव जागेवर आलं. कॅनबेरात किंवा कुठेही बसून हा कोड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मराठी विसर्ग नक्कीच नव्हता. तरी सोय झाली.

२०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने धुमाकूळ घातला तो एसएमबीच्या, म्हणजे विंडोज फाइली वाटताना जी भाषा बोलतं तिच्या, पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती मुळातच बंद येऊ लागली, आणि ‘नेटवर्क’मध्ये आपोआप दिसणारी मशीनं गायब झाली. लोक अजूनही ती जुनी आवृत्ती पुन्हा चालू करून घेतात. कृपा करून करू नका. पत्ता हाताने टाका, नाहीतर लिनक्सवर ‘डब्ल्यूएसडीडी’ हा छोटा प्रोग्रॅम बसवा, मशीन पुन्हा यादीत येतं. सांबावाल्यांनीही २०१९ मध्ये पहिली आवृत्ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली.

तुमच्यासोबत सांबाचे जेरेमी ॲलिसन आणि इतर कितीतरी जण इतकी वर्षं हेच करत आले: पलीकडच्याने नियम बदलले की पुन्हा ऐकायला बसायचं. मायक्रोसॉफ्टवरचा मक्तेदारीचा युरोपातला खटला झाल्यानंतर २००७ च्या डिसेंबरात त्यांच्याकडून प्रोटोकॉलची, म्हणजे मशीनांच्या बोलण्याच्या नियमांची, कागदपत्रं मिळवण्याचा करार झाला, एकदाच १०,००० युरो भरून. म्हणजे जे तुम्ही आधी कान लावून शिकलात, ते लेखी मिळायला दीड दशक गेलं. तो करार घडवायलाही तुम्ही खपलात. आमच्या घरी आता बाबा लिहितात, बायको फोटो टाकते, आणि कोण कुठल्या सिस्टिमवर आहे हा विषयच निघत नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उबुंटूवाला मुलगा

ता. क. रात्रीचा बॅकअप ‘आरसिंक’ या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने होतो. तोही तुमचाच, त्यामुळे आभार दुप्पट समजावेत. इथल्या वाचकांसाठी: जुन्या मॅकची डिस्क एचएफएस प्लस या जुन्या पद्धतीची असेल, तर ती फाइलच्या नावातला ‘ऱ’ फोडून र आणि नुक्ता असा वेगवेगळा ठेवते. आरसिंक ते नाव जसंच्या तसं लिनक्सवर आणतो. मग ‘दुसऱ्या दिवशीचे फोटो’ हे डोळ्यांना अगदी सारखं दिसणारं फोल्डर दोनदा दिसू शकतं. त्यावर आरसिंकमध्ये नावं जुळवून घेणारा ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय आहे. मात्र मॅकवर आधीपासून असलेला आरसिंक बराच जुना असू शकतो, दोन्हीकडे आरसिंकची ३.० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.