आधी ब्रेक, मग स्प्रिंगा

कोल्हापूर,
4 मे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवाच्या व्हिडिओत तुझी जुनी फोर्ड मस्टँग पाहिली. आई म्हणते रंग लाल नाही, विटकरी आहे. माझं रंगाकडे लक्षच गेलं नाही. तू फोन खाली नेऊन मागच्या चाकाच्या आत दाखवलंस आणि तिथे पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग, दिसला. चार पाट्यांचा संच, मध्ये सेंटर बोल्ट, वरून दोन यू बोल्ट. उद्यमनगरात चाळीस वर्षं मी हेच उचललं. गळीत हंगामात उसाच्या ट्रकचे तुटलेले पाटे, रात्री दोन वाजता सुद्धा. आणि तू मिशिगनात जाऊन हौसेची पहिली गाडी घेतलीस तीही पाट्याचीच. रात्री बराच वेळ झोप आली नाही.

दरवाज्यावरच्या पट्टीचा नंबर तू वाचून दाखवलास, तो मी लिहून घेतला. 6एफ07सी. सहा म्हणजे 1966, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, 07 म्हणजे कूपे, सी म्हणजे 289 घनइंचांचं व्ही-8 इंजिन, दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं. तू रॉयल ओकला राहतेस, म्हणजे तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर ही गाडी बनली आणि साठेक वर्षांनी पुन्हा तिथेच आली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते, त्यात ती न्यायची आहे असं तू म्हणालीस. तोवर तीन महिने आहेत. तेवढे पुरतात, पण कामांचा क्रम मी सांगतो तसा ठेव.

तुझी यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. एक इंच बुटक्या स्प्रिंगा, वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा जाड स्वे बार, मागे पाच पाट्यांचा संच, आणि सांध्यांतल्या रबरी बुशांच्या जागी सगळीकडे कडक पॉलियुरेथेनचे बुश. यादीत ब्रेक कुठेच नाही.

बाळा, तुझ्या गाडीच्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा आहे. चारही चाकांना तेल तिथूनच जातं. एक पाइप फुटला, एका चाकाचं सिलिंडर गळलं, की पेडल सरळ पत्र्याला टेकतं आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. 1967 च्या मॉडेलपासून पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळे कप्पे आले, तुझी गाडी त्याच्या एक वर्ष आधीची. म्हणून पहिला खर्च तिथे. दोन कप्प्यांचं मास्टर सिलिंडर, त्याला जुळणारा व्हॉल्व्ह, पुढे ड्रम काढून डिस्क, आणि तिन्ही रबरी होज नवे. होज बाहेरून कितीही चांगले दिसले तरी नवेच घाल. जुना होज आतून सुजतो. तेल पुढे जातं पण परत येत नाही, आणि एक चाक धरून बसतं.

त्याच हप्त्यात खांद्यावरून येणारे पट्टे बसव. आता फक्त कमरेचे आहेत. तुझ्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा पुढच्या स्टिअरिंग बॉक्सपासून थेट तुझ्या छातीपर्यंत अखंड आहे, धक्क्याने दुमडणारा नाही. डिकीची फरशी म्हणजेच पेट्रोलच्या टाकीचं छत, आणि टाकी आणि मागची सीट यांच्यामध्ये नुसता पुठ्ठा आणि कापड. सीटच्या पाठीमागे पोलादी पत्र्याचा पडदा घालता येतो, स्वस्त काम आहे. हे वाचून तू म्हणशील, बाबा घाबरवतात. घाबरवतोच आहे.

मग गंज. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्राच चासी आहे. पुढच्या स्प्रिंगचं वरचं टोक ज्या पत्र्याच्या मनोऱ्याला टेकतं तो शॉक टॉवर खालून, बॅटरीच्या बाजूला नीट बघ. मागच्या पाट्याचा पुढचा डोळा जिथे बोल्टने धरला आहे ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भदभद. काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओत आणि आत पायाशी ओलं होतं का बघ, या गाड्यांचं ते जुनं दुखणं आहे. पत्रा कुजका निघाला तर स्प्रिंगांचे पैसे वेल्डिंगवाल्याला दे. कुजक्या पत्र्यावर कडक स्प्रिंग चढवली तर ती पत्राच फाडते.

आता तुला हवं ते.

गाडी वळणात झुकते, पुढून बाहेर पळते, हे तू सांगितलंस. कारण स्प्रिंग मऊ आहे एवढंच नाही. तू पाठवलेलं शॉप मॅन्युअल मी छापून घेतलं, शब्दकोश घेऊन बसलो, आणि शेवटी वायरच्या दोन तुकड्यांचं चाक करून टेबलावर हलवून बघितलं. चाकाला गाडीशी जोडणारा वरचा आर्म गाडीच्या बाजूला उंच आणि चाकाच्या बाजूला खाली उतरता आहे. त्यामुळे चाक वर उचललं गेलं की आर्मचं बाहेरचं टोक आधी बाहेर सरकतं आणि चाकाचा माथा बाहेर कलतो. वळणात सगळा भार ज्या बाहेरच्या चाकावर येतो तेच चाक असं कडेवर उभं राहतं. निम्मा टायर रस्त्यावर, निम्मा हवेत.

यावरचा उपाय फोर्डच्याच एका इंजिनिअरने काढला होता, क्लाउस आर्निंग. वरच्या आर्मची भोकं टॉवरमध्ये एक इंच खाली पाडायची, बस्स. आर्म जवळजवळ आडवा होतो, आणि चाक वर गेलं की माथा आत ओढला जातो. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरल शेल्बीने मस्टँगवरूनच केलेल्या 1965 च्या जीटी 350 मध्ये हेच केलं, त्यासोबत एक इंची स्वे बार, कोनी कंपनीचे शॉकॲब्सॉर्बर, आणि दोन टॉवर एकमेकांना आणि मागच्या पत्र्याला बांधणारे दांडे. त्या गाडीने अमेरिकेतल्या हौशी शर्यतपटूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटाचं विजेतेपद 1965, 66 आणि 67 असं सलग तीन वर्षं घेतलं. चार भोकं पाडून गाडीचा स्वभाव बदलतो याचं मला अजून नवल वाटतं. नवीन सुटा भाग एकही लागत नाही. गाडी आपोआप अर्धा-पाऊण इंच खाली बसते, म्हणून बुटक्या स्प्रिंगा यादीतून काढ. दोन्ही एकदम केलंस तर खड्ड्यात चाक रबरी ठोकळ्यावर आपटेल.

भोक पाडताना नव्या भोकांची जागा दाखवणारं टेम्प्लेट जुन्या भोकांवर बोल्टने घट्ट कस, आधी बारीक ड्रिल, मग शेवटी 17/32 इंची. वेग कमी, तेल भरपूर. आर्मच्या शाफ्टमागे पातळ पत्र्याचे तुकडे, म्हणजे शिम, असतात. ते कुठल्या बोल्टला किती होते ते काढतानाच लिहून ठेव.

स्वे बार जरूर बदल. तुझा मोजून 11/16 इंची भरला आणि तू एक इंची घेतेयस. पिळाला विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तो जवळजवळ साडेचार पट कडक होईल. दिसताना फरक बोटभरही नाही. पण मागे बार घालू नकोस, निदान यंदा नको. ओल्या रस्त्यावर शेपूट आधी सुटेल, आणि तुला या गाडीची अजून सवय नाही.

आता जे लिहायचं म्हणून हे पत्र लिहायला बसलो ते.

माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. तू लहानपणी विचारायचीस, आणि मी सांगायचो की ट्रकच्या दारात सापडलं. ते खरं नाही. 1989 साली एका पद्मिनी गाडीची पुढची स्प्रिंग काढत होतो. स्प्रिंग दाबायचं हत्यार विकत घ्यायला पैसे होते, पण मला वाटलं, कशाला? साखळी आणि दोन हूक स्वतः वाकवून केले. हूक सरळ झाला. आवाजसुद्धा नीट ऐकू आला नाही. स्प्रिंग समोरच्या भिंतीला लागून परत आली तेव्हा हाताला फक्त गरम लागलं. माझ्यासमोर मदतीला पंधरा वर्षांचा पोरगा होता, तो त्याच वेळी पाना आणायला वळला होता. तो वळला नसता तर काय, हे मी आजही मनात पुरं करत नाही. बोटाबद्दल खोटं बोललो ते त्या पोरामुळे. तुझ्या आईलाही पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

तुझ्या गाडीची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि टॉवरच्या आत दाबलेली असते. मिलिमीटरला 50 न्यूटन धरले आणि ती 15 सेंटिमीटर दाबलेली असली तर आत सुमारे 560 ज्यूल साठतात. 50 किलोचं सिमेंटचं पोतं कमरेच्या थोडं वरून पायावर पडावं तेवढे. भोकं पाडायची तर ती स्प्रिंग काढावीच लागते. बाहेरून दोन हुकांनी धरणारं हत्यार इथे चालत नाही. शॉकॲब्सॉर्बर वरून काढून टॉवरच्या तोंडातून आत घालायचं, याच गाड्यांसाठी बनलेलं हत्यार मिळतं. ते घे, किंवा भाड्याने आण. आट्यांना ग्रीस लाव, हातानेच फिरव, इम्पॅक्ट गन लावू नकोस. तोंड स्प्रिंगच्या रेषेत कधीही नको. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, ठेवायची, घोड्या बसल्यावर गाडीला जोरात धक्का मारून बघायचा, मगच खाली.

पाट्यांबद्दल मात्र माझं ऐक, यात मला कुणी शिकवू शकत नाही. पाच पाट्यांचा संच नको. मागे तू सामानाची एक पिशवी आणि कधी मैत्रीण एवढंच नेणार. पाच पाट्यांनी मिशिगनच्या खड्ड्यांवर मागचा भाग उड्या मारेल, आणि उडणारं चाक ब्रेकही धरत नाही. चारचाच नवा संच घे. इथे आम्ही जुने पाटे गरम करून पुन्हा कमान देतो, पण तुझे साठ वर्षांचे आहेत. पाट्याला तडा सेंटर बोल्टच्या भोकापासून जातो, क्लिपखाली लपतो, आणि कमान दिली म्हणून बुजत नाही. यू बोल्ट प्रत्येक वेळी नवे, कारण एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. शंभरेक मैल चालवलं की ते पुन्हा कस. हंगामात माझ्याकडे येणारे निम्मे तुटके पाटे नुसत्या सैल यू बोल्टचे असायचे.

जोरात निघताना मागची चाकं थडथडतात म्हणालीस. त्या वेळी धुरा उलट फिरू बघते आणि पाट्याला इंग्रजी एससारखा पीळ देते, तो सुटतो, पुन्हा बसतो. शेल्बीने त्यासाठी धुऱ्यावरून पुढे जाणारे दांडे घातले होते, तुला ते नकोत. तुझं इंजिन 200 हॉर्सपॉवरचं. आधी नवे पाटे आणि डोळ्यांचे नवे बुश घालून बघ.

आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे कसू नकोस. नुसते हाताने बसव, गाडी चाकांवर उतरव, दोनदा दाबून हलव, मग टॉर्क पान्याने कस. हवेत कसलेस तर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षात फाटतो. पॉलियुरेथेन स्वे बारला चालेल. पण खालच्या आर्मपासून पुढे जाणारा जो स्ट्रट रॉड आहे त्याला नको. त्या दांड्याला थोडं डोलावं लागतं, बुश कडक असला तर दांडा स्वतः वाकतो आणि एक दिवस आट्यांपाशी तुटतो.

सगळं झाल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बसवणं. मॅन्युअलमधले आकडे त्या काळच्या नायलॉन टायरचे आहेत, तू रेडियल घालणार. कॅस्टर अधिक दोन ते तीन अंश, कॅम्बर उणे अर्धा, टो-इन 1/8 इंच, असं कागदावर लिहून दे आणि छापील पावती मागून घे.

एकेक बदल कर आणि प्रत्येकानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर चालवून बघ, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. ऑगस्टपर्यंत ब्रेक, पाटे आणि स्वे बार झाले तरी मला पुष्कळ. भोकं हिवाळ्यात पाड.

इथे वळीव दोनदा पडून गेला. आईने आंबे मोजून ठेवलेत, तू येशील या हिशेबाने.

ज्या दिवशी स्प्रिंगला हात लावशील त्या दिवशी सकाळी दहाला सुरू कर. हिवाळ्यात आमचे तेव्हा साडेआठ वाजलेले असतात रात्रीचे. फोन टॉवरसमोर टेकवून ठेव, मी बघत बसतो. एकटीने करू नकोस.

तुझे,
बाबा