बहुउपयोगी शिडीबरोबर मराठीतून सूचना हव्यात

महोदय,

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघते. अलीकडे त्यासाठी रंगाऱ्याच्या लाकडी घोड्याची वाट न पाहता ॲल्युमिनियमची घडीची बहुउपयोगी शिडी विकत घेऊन घरातच ठेवण्याची पद्धत रुळली आहे. या शिडीचे चार भाग बिजागऱ्यांच्या तीन जोड्यांनी जोडलेले असतात. त्यामुळे तीच शिडी सरळ करून भिंतीला टेकवता येते, घोड्यासारखी उभी करता येते किंवा वर फळ्या टाकून तिची बुटकी परांचीही करता येते. सोय मोठी आहे यात शंका नाही; परंतु साध्या शिडीत नसलेले काही धोके या बिजागऱ्यांमुळेच उद्भवतात, आणि मी पाहिलेल्या शिड्यांवर ते समजावणारा मजकूर केवळ इंग्रजीत, तोही बारीक अक्षरांत होता. विक्रेते आणि ग्राहक या दोघांचेही लक्ष मी याकडे वेधू इच्छितो.

प्रत्येक बिजागरीत एक खटका असतो आणि ठरावीक कोनात शिडी आली की तो आवाज करून बसतो. अडचण अशी की एका बाजूचा खटका बसला आणि दुसऱ्या बाजूचा अर्धवट राहिला, तरीही शिडी वरकरणी अगदी ताठ उभी दिसते. पायरीवर वजन पडल्यावर मात्र तो अर्धवट खटका निसटू शकतो. म्हणून चढण्यापूर्वी सहाही बिजागऱ्या हाताने चाचपून पाहाव्यात आणि खालच्या पायरीवर उभे राहून एकदा भार देऊन पाहावा. आवाज ऐकू आला, एवढ्यावर विसंबू नये. शिडी उघडताना किंवा मिटताना ती जमिनीवर आडवी ठेवावी आणि बिजागरीच्या फटीत बोटे जाऊ देऊ नयेत. वाळलेल्या पुट्टीचा एखादा खडा खटक्यात अडकला तरी तो पूर्ण बसत नाही, त्यामुळे काम संपल्यावर बिजागऱ्या कोरड्या फडक्याने पुसणे हा केवळ टापटिपीचा भाग नाही.

दुसरा मुद्दा जमिनीचा. रंगाचे थेंब फरशीवर पडू नयेत म्हणून आपण खोलीभर जुनी वर्तमानपत्रे किंवा प्लॅस्टिक अंथरतो आणि शिडी त्याच्यावरच उभी करतो. (वर्तमानपत्राच्या संपादकांकडेच ही तक्रार करावी लागते, त्याला इलाज नाही.) गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर अंथरलेला कागद शिडीसकट सरकतो आणि पायांना लावलेल्या रबरी बुटांचा उपयोग उरत नाही. शिडीचे पाय टेकतात तेवढ्या जागेवरचा कागद फाडून काढावा आणि तिथली फरशी कोरडी करून घ्यावी. शिडी भिंतीला टेकवायची असेल, तर जेवढ्या उंचीवर ती टेकते त्याच्या साधारण एक चतुर्थांश अंतरावर पाय असावेत, म्हणजे तीन मीटर उंचीला पाऊण मीटर. मोजपट्टी हाताशी नसेल तर शिडीच्या पायांना आपल्या पायांची बोटे लावून ताठ उभे राहावे आणि हात समोर सरळ करावेत. तळवे खांद्याच्या उंचीवरील दांडीला पोहोचले तर कोन बरोबर आहे असे समजावे. कोणती बाजू भिंतीकडे ठेवायची हेही या शिडीत ठरलेले असते आणि त्याची खूण शिडीवर असते. जवळच दार असेल तर ते आतून कडी लावून बंद करावे.

रंग लावताना अपघात घडवतो तो बहुधा आळस. कोपऱ्यातला हातभर पट्टा राहिलेला असतो, खाली उतरून शिडी सरकवण्याचा कंटाळा येतो आणि माणूस रोलर घेऊन बाजूला वाकतो. कमरेचा पट्टा शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेला की तोल जाण्याची वेळ आली असे समजावे. घोड्यासारख्या उभ्या केलेल्या शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहणे तर टाळावेच. परांची करताना शिडीसाठी बनवलेल्याच फळ्या वापराव्यात, माळ्यावरची जुनी प्लायवूडची पट्टी आडवी टाकून भागवू नये. भाराची मर्यादाही वाचून घ्यावी. अनेक शिड्यांवर १५० किलो असे लिहिलेले असते, पण त्यात माणसाबरोबर त्याचे सामानही मोजायचे असते आणि परांचीसाठीची मर्यादा वेगळी असू शकते. इमल्शनची वीस लिटरची भरलेली बादली पंचवीस किलोहून जड भरते. ती खालीच ठेवून लहान डब्यात थोडा थोडा रंग घेतलेला बरा.

ॲल्युमिनियममधून वीज वाहते, हे आकाशकंदील किंवा विद्युतमाळा लावण्याच्या गडबडीत विसरले जाते. दिव्याच्या किंवा पंख्याच्या जोडणीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. गच्चीत किंवा अंगणात शिडी उभी नेण्याआधी वर तारा आहेत का, ते पाहावे.

आता मूळ मागणीकडे येतो. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे वेष्टनावरील बंधनकारक तपशील देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे लागतात, मात्र त्याखेरीज अन्य भाषा वापरण्यास आडकाठी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे नसल्यामुळे इजा झाली, तर उत्पादकावर उत्पादन दायित्व येऊ शकते. महाराष्ट्रात माल विकणाऱ्या कंपन्यांनी खटका बसलेला आणि न बसलेला यांची दोन चित्रे असलेला एक मराठी कागद शिडीला जोडावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. दुकानदारांनीही शिडी गुंडाळलेल्या स्थितीत हातात न देता ती ग्राहकाकडूनच एकदा उघडून आणि मिटून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. ऑनलाइन खरेदीत तीही सोय नाही, म्हणून तिथे मराठी चित्रफीत असायला हवी.

गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये मीटरच्या खोलीशेजारी एक सामायिक शिडी ठेवलेली असते. ती कोणीही नेतो, पण तिच्या बिजागऱ्या आणि रबरी बूट तपासणे हे कोणाचेच काम नसते. व्यवस्थापक समित्यांनी दिवाळीपूर्वी ती तपासून घ्यावी आणि खटका ढिला झाला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती कुलपात ठेवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे