कुत्र्याच्या गुडघ्याचे मॉडेल करताना

महोदय,

ठाणे-नवी मुंबईतले अभियांत्रिकीचे जे विद्यार्थी कुत्र्याच्या गुडघ्याचे संगणकी मॉडेल प्रकल्प म्हणून निवडतात, त्यांच्यासाठी हे पत्र.

सीटी स्कॅनवरून हाडे छान निघतात. अस्थिबंध (हाडे जोडणारे लिगामेंट) आणि गुडघ्यातल्या गाद्या (मेनिस्कस) यांना एमआरआय हवाच, त्या अंदाजाने काढू नका. खरी गफलत पुढे होते: अस्थिबंधाला साधी स्प्रिंग समजून एकच कडकपणा दिला जातो. त्यातले कोलॅजेनचे तंतू नागमोडी असतात. सुरुवातीच्या थोड्या ताणात ते नुसते सरळ होतात, बळ जेमतेम लागते. मग ताण-बळाचा आलेख एकदम चढतो. शिवाय सांधा स्वस्थ असतानाही अस्थिबंध किंचित ताणलेला असतो. हा ताण शून्य धरला की नडगी मॉडेलमध्ये भलतीच पुढे सरकते.

कूर्चेत (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात) 70 ते 80 टक्के पाणी असते. झटकन भार आला की तिचे आकारमान घटत नाही, आणि त्यामुळे मॉडेलमधली चार बिंदूंच्या टेट्राहेड्रनची (चार त्रिकोणी बाजूंच्या छोट्या तुकड्यांची) जाळी खोटी ताठ होते. दहा बिंदूंचे घ्या. जाळी बारीक करून पुन्हा चालवा. उत्तर बरेच हलले तर आधीचे सोडून द्या. फेबायो हे मोफत सॉफ्टवेअर अशाच ऊतींसाठी आहे.

नडगीला पुढे घसरू न देणारा पुढचा क्रूसिएट अस्थिबंध मॉडेलमधून काढा आणि पायावर भार द्या: नडगी पुढे घसरली पाहिजे. मग टीपीएलओ शस्त्रक्रियेप्रमाणे (तीत नडगीचा माथा कापून फिरवतात) नडगीच्या माथ्याचा उतार साधारण 25 अंशांवरून 5 वर आणा. घसरणे थांबत नसेल, तर अहवाल लिहायला बसू नका.

– जैवयांत्रिकीचे दोन अध्यापक, ऐरोली