कोयत्याचा अर्धा भाग

महोदय,

गळीत हंगाम आला की बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराचे खापर दुष्काळावर फोडले जाते. परंतु एकाच साखर कारखान्याच्या गव्हाणीवरील (जिथे ऊस गाळपासाठी टाकला जातो) कायम कामगाराला भविष्य निर्वाह निधी आणि उसाच्या फडातल्या मजुराला मात्र मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ही विभागणी दुष्काळाने केलेली नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ (मजुरीचे एकच एकक) धरला जात असल्याने, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या नावावर स्वतंत्र मजुरी लागत नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदाही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. त्यामुळे कर्नाटकात जाणारा मजूर त्याच्या कक्षेत, तर कोल्हापूरला जाणारा बाहेर, असा अजब प्रकार होता. कारखान्यांनी मजुराशी थेट, आणि स्त्रीशी वेगळा, लेखी करार करावा.

– एक वाचक, माजलगाव